घर तपासणाऱ्याची परीक्षा

महाराष्ट्रात फ्लॅट विकून देणाऱ्या एजंटाला परीक्षा द्यावी लागते. २०२३ पासून महारेराने, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण नियामकाने, त्यासाठी प्रशिक्षण आणि सक्षमता प्रमाणपत्र बंधनकारक केलं आहे. त्याच फ्लॅटची भिंत ओली आहे का, बाथरूमचा उतार ट्रॅपकडे आहे की दाराकडे, अर्थिंगची तार जमिनीपर्यंत पोचली आहे की नुसती सॉकेटमागे गुंडाळून ठेवली आहे, हे पैसे घेऊन सांगणाऱ्या माणसाला मात्र कसलीच अट नाही. उद्या सकाळी कोणीही ओलावा मोजायचं यंत्र विकत घ्यावं, कार्ड छापावं आणि पिंपरी-चिंचवडच्या मोशीत किंवा पुनावळ्यात ‘होम इन्स्पेक्टर’ म्हणून उभं राहावं. त्यात बेकायदा काही नाही, कारण या व्यवसायाची कायद्यात नोंदच नाही.

रावेत, ताथवडे, वाकड, चऱ्होली, मोशी या पट्ट्यात पझेशनचं पत्र हातात पडलं की घर तपासून घेणारी कुटुंबं आता दिसू लागली आहेत. त्यामुळे सिव्हिलचा डिप्लोमा केलेली, साइटच्या नोकरीला कंटाळलेली किंवा कारखान्यात क्वालिटीत काम करणारी मुलं विचारतात, की हे काम शिकायचं कुठे, आणि लागतं काय? सरळ उत्तर असं की कायद्याने काहीच लागत नाही आणि कामाला पुष्कळ लागतं. या दोन्हींत किती अंतर आहे ते नीट पाहायला हवं, कारण त्याची किंमत तपासनीस मोजत नाही. वीस वर्षांचं कर्ज घेणारं घर ती मोजतं.

कायद्याने इमारतीचे भाग वाटून दिले आहेत. लिफ्टसाठी २०१७चा स्वतंत्र अधिनियम आहे आणि तिची तपासणी सरकारी यंत्रणा करते. आगीसाठी २००६चा अधिनियम आहे. परवानाधारक एजन्सीने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म ‘बी’ द्यायचा असतो. वायरिंगला हात लावणाऱ्याकडे वायरमनचा परवाना हवा. घराची किंमत ठरवणारा मूल्यांकक कंपनी कायद्याखाली नोंदणीकृत व्हायचा असेल, तर त्याला पदवी, काही वर्षांचा अनुभव, पन्नास तासांचा अभ्यासक्रम आणि संगणकावरची परीक्षा, एवढं सगळं पार करावं लागतं. म्हणजे किंमत सांगणाऱ्याची परीक्षा होते, दर्जा सांगणाऱ्याची होत नाही.

सांगाड्याचं तसं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरला स्थापत्यातली पदवी आणि प्रत्यक्ष डिझाइन व साइटवरचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. स्ट्रक्चरमधली पदव्युत्तर पदवी असेल तर दोन वर्षं पुरतात, डॉक्टरेट असेल तर एक. पण हा इंजिनिअर इमारतीच्या आयुष्यात केव्हा येतो? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचं कलम २६५-अ म्हणतं, तीस वर्षं झाली की. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी ऑडिट करायचं. पहिली पंधरा वर्षं कोणी पाहायचं, यावर दोन्हीकडे शांतता आहे.

२४ ऑगस्ट २०२० रोजी महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा माणसं गेली. ती इमारत दहा वर्षांचीही नव्हती. तीस वर्षांच्या अटीने किंवा पंधरा वर्षांच्या उपविधीने तिच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नसतं. साधा घर-तपासनीस तिथे गेला असता तर दुर्घटना टळली असती, असं मी म्हणणार नाही. तेवढं त्याच्या हातात नसतं. पण इमारत नवी आहे म्हणजे ती बरी आहे, हे गृहीतक त्या दिवशी पडलं आणि आपण ते पुन्हा उचलून जागेवर ठेवलं, याचं मला वाईट वाटतं.

नव्या घरासाठी एकच भक्कम आधार आहे, रेरा कायद्याचं कलम १४(३). ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामाच्या रचनेत, कारागिरीत, दर्जात किंवा सेवांमध्ये दोष आढळला आणि तो विकसकाच्या नजरेस आणला, तर त्याने तीस दिवसांत विनामोबदला दुरुस्त करायचा. न केल्यास भरपाई. हा हक्क पुढच्या खरेदीदारालाही मिळतो, कारण कायद्यातल्या ‘अलॉटी’च्या व्याख्येत नंतर विकत घेणाराही येतो. मात्र पाच वर्षांची मोजणी पहिल्या ताब्यापासूनच चालते. आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून दोन महिन्यांत ताबा घेणं हे ग्राहकाचंही कर्तव्य आहे. तेव्हा तपासनिसाला कामाचे दोन काळ मिळतात. एक म्हणजे ते दोन महिने. दुसरा पाचवं वर्ष संपायच्या आधीचा, जेव्हा अख्ख्या सोसायटीने टेरेस, डक्ट, पाण्याच्या टाक्या, बेसमेंट आणि बाहेरच्या भिंती एकदम तपासून लेखी यादी विकसकाला द्यायला हवी. पहिल्या काळाची चर्चा होते. दुसरा काळ बहुतेक सोसायट्या गणपतीच्या वर्गणीच्या हिशोबात विसरतात. माझ्या मते या व्यवसायाचं खरं मोल तिथे आहे.

विकसकाच्या बाजूने दर्जाची हमी देणारी माणसं असतात. आर्किटेक्ट दाखला देतो, इंजिनिअर दाखला देतो. पण त्यांचा मेहनताना विकसक देतो. ती माणसं खोटी असतात असं नव्हे. पण घर घेणाऱ्याच्या बाजूने उभा असलेला एकही जाणकार त्या साखळीत नसतो.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेने सोडवलाय. अमेरिकेत तपासनिसांची जुनी संघटना १९७६ची. काही राज्यांत परवाना लागतो, कॅलिफोर्नियासारख्या मोठ्या राज्यात लागत नाही. न्यूयॉर्क राज्याची अट एकशे चाळीस तासांच्या प्रशिक्षणाची आहे आणि त्यातले चाळीस तास अनुभवी तपासनिसाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष घरांत घालवावे लागतात. ऑस्ट्रेलियाने खरेदीपूर्व तपासणीचं मानकच लिहून ठेवलं. ब्रिटनमध्ये सर्व्हेयरांच्या संस्थेने पाहणीच्या तीन पातळ्या ठरवल्या, म्हणजे ग्राहकाला आपण किती खोलवरची पाहणी विकत घेतोय ते आधीच कळतं. आपल्याकडची मुलं यांतले ऑनलाइन कोर्स करतात. त्यात शिस्त मिळते, अहवालाचा साचा मिळतो. पण तिथला अभ्यास लाकडी सांगाड्याच्या घरांचा, पोटमाळ्याच्या इन्सुलेशनचा आणि तळघरातल्या भट्टीचा असतो. ताथवड्यातल्या बाराव्या मजल्यावर त्यातलं काय सापडणार? म्हणून त्या प्रमाणपत्राला पात्रता म्हणायला मी तयार नाही.

शिकायचं ते पाण्यापासून. आपल्याकडच्या नव्या घराच्या तक्रारी ओळीने मांडल्या तर पहिल्या ओळी पाण्याच्याच निघतील: बाथरूमखालच्या फ्लॅटचं छत, खिडकीच्या सिलखालची पट्टी, डक्टला लागून असलेली भिंत, टेरेसच्या कोब्याखाली मुरलेलं पाणी. पझेशन एप्रिल-मेमध्ये मिळालं तर सगळं कोरडं ठणठणीत दिसतं. अशा वेळी थर्मल कॅमेरा फिरवून ‘ओल नाही’ असं लिहिणारा ग्राहकाला फसवतोच, बरेचदा नकळत. कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमान दाखवतो. ओली जागा बाष्पीभवनाने थंड पडते, तो फरक त्यात उमटतो; पाणीच नसेल तर उमटायला काही नसतं. म्हणून आधी बाथरूमचा ट्रॅप बंद करून पाणी साठवायचं, किमान चोवीस तास ठेवायचं, खालच्या घराची परवानगी काढायची आणि मग खालून पाहायचं. हे कंटाळवाणं काम आहे, दोन फेऱ्यांचं आहे. एका तासात फ्लॅट ‘करून’ निघणारे ते टाळतात.

ओलाव्याच्या मीटरचंही तसंच. दोन सुयांचं मीटर मुळात लाकडासाठी आखलेलं असतं. प्लास्टरवर त्याचा आकडा फक्त तुलनेपुरता, आणि भिंतीत क्षार असले तर तो उगाच वाढतो. बिनसुयांचं मीटर आतल्या सळईने फसतं, आणि मायव्हान शटरिंगमधली, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यातली, अख्खी भिंतच सळईच्या जाळीवर ओतलेली असते. यंत्र घेणं सोपं आहे. आकडा केव्हा मानायचा नाही, हे कळायला वर्ष-दोन वर्षं जातात.

भेगांचं शिक्षण हा या कामाचा गाभा आहे. एएसी ब्लॉक आणि बीम यांच्या सांध्यावर सरळ रेषेत गेलेली भेग बहुधा आकसण्याची असते. तिथे जाळी नीट मारली नव्हती किंवा ब्लॉक ओले असताना प्लास्टर उरकलं होतं. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग वेगळी बोलते. पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी भेग पायाकडे बोट दाखवते. काळ्या मातीवर उथळ पाया घेतलेल्या रो-हाउसमध्ये ती विशेष पाहावी, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हात आकसते. कॉलमच्या उभ्या सळईला धरून गेलेली आणि तांबूस डाग सोडणारी भेग दिसली, की तपासनिसाने आपलं ज्ञान बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा असं लिहावं. कुठे थांबायचं हे ज्याला शिकवलेलं नाही, तो दोन्हीकडे धोका आहे: क्षुल्लक भेगेने घाबरवेल आणि गंभीर भेग रंगवून घ्यायला सांगेल.

रीबाउंड हॅमरबद्दल तर जाहीर ताकीदच द्यायला हवी. हा हातोडा काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कडकपणा सांगतो. त्यावरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात अधिक-उणे पंचवीस टक्के फरक पडू शकतो, असं १९९२च्या भारतीय मानकातच, आयएस १३३११च्या दुसऱ्या भागात, लिहिलेलं आहे. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कार्बोनेशनने कडक होतो, तेव्हा आकडा आणखी छान येतो. असा हातोडा चार ठिकाणी मारून ‘बांधकाम एम-२५चं आहे’ म्हणून सही करणारा अहवाल मला धोकादायक वाटतो. अल्ट्रासॉनिक चाचणी, कोअर, कव्हर मीटर हे सगळं जोडून पाहणारा अभियंताच ते बोलू शकतो.

विजेत फसगत आणखी सोपी. वीजगळती होताच पुरवठा तोडणाऱ्या आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं आणि तो पडला, तर तो पडतो एवढंच कळलं. घराला अर्थिंग आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर उलटसुलट फेज-न्यूट्रल पकडतो, पण कोणी न्यूट्रल आणि अर्थ सॉकेटमागेच जोडून ठेवले असतील तर तो निमूट हिरवा दिवा दाखवतो. डिस्ट्रिब्युशन बोर्ड उघडायचा तर परवानाधारक वायरमन सोबत हवा, आणि ही अट तपासनिसाने स्वतःहून पाळावी.

मोजमाप त्यामानाने सरळ आहे. रेराची चटई क्षेत्राची व्याख्या पाठ हवी: आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी, उघडी गच्ची सोडायची. आदर्श करारनाम्यात तीन टक्क्यांपर्यंतचा फरक मान्य आहे, त्यापुढे हिशोब करावा लागतो. पाणी प्रयोगशाळेत द्यावं. बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण लिटरला पाचशे मिलिग्रॅमच्या आत असणं बरं. दुसरा स्रोतच नसेल तर मानक दोन हजारांपर्यंत चालवून घेतं.

आणि मग कागद. मालकी हक्क वकील पाहील, पण मंजूर नकाशा हातात न घेता घर तपासायला जाणं चूकच. १९९७मध्ये आसपासची गावं पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली, तोवरची बांधकामं ग्रामपंचायतीच्या काळातली; त्यानंतरही गुंठ्यागुंठ्याने जमिनी विकल्या गेल्या. दिघी, तळवडे, देहूरोडकडे संरक्षण खात्याचा रेडझोन आहे, पवना आणि इंद्रायणीकाठी पूररेषा आहेत. मे २०२५मध्ये चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतले छत्तीस बंगले महापालिकेने पाडले. हरित न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयातही टिकला होता. त्या बंगल्यांच्या टाइल्स वाजवून, उतार मोजून, वायरिंग तपासून सगळं ‘उत्तम’ असा अहवाल देता आला असता, आणि तो अहवाल घेऊन कुटुंबं रस्त्यावर आली असती. म्हणून पूररेषा, रेडझोन, आरक्षण आणि भोगवटा प्रमाणपत्र या चार गोष्टी अहवालाच्या पहिल्या पानावर आल्याच पाहिजेत.

हे सगळं शिकण्याजोगी माणसं या पट्ट्यात जेवढी आहेत तेवढी महाराष्ट्रात क्वचित कुठे असतील. निगडी-आकुर्डीत अभियांत्रिकी महाविद्यालयं आणि पॉलिटेक्निक आहेत, मोरवाडीत महापालिकेचं आयटीआय आहे, बालेवाडीला बांधकाम व्यवस्थापनाचं निकमार आहे. यांतला सिव्हिलवाला साइट ओळखतो, कुठे काय दाबलं जातं ते त्याला ठाऊक असतं. त्याची अडचण एवढीच की ‘एवढं चालतं’ हे वाक्य त्याच्या अंगात मुरलेलं असतं. दुसरीकडे टाटा मोटर्स, बजाज, महिंद्रा, फोक्सवॅगन आणि त्यांना माल पुरवणाऱ्या शेकडो लहान युनिटांमधली क्वालिटीची माणसं आहेत. कॅलिब्रेशनची तारीख उलटलेलं गेज हातात घ्यायचं नाही, निरीक्षण आणि मत वेगळं लिहायचं, दोषाच्या मुळापर्यंत जायचं, हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांची अडचण उलटी: बांधकाम हातांनी होतं आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची सवय तिथे निरुपयोगी ठरते.

या दोघांना एकत्र बसवणारा अभ्यासक्रम हवा, असं मला मनापासून वाटतं. कारखान्यात एक साधी पद्धत आहे: एकच नग दोन माणसांना वेगवेगळा मोजायला द्यायचा आणि आकडे जुळतात का पाहायचं. ती इथे लावावी. एकच फ्लॅट दोन उमेदवारांनी स्वतंत्रपणे तपासावा, मग अहवाल शेजारी ठेवावेत. लेखी परीक्षेपेक्षा त्यातून जास्त कळेल. प्रवेशाला सिव्हिलचा डिप्लोमा किंवा साइटवरची दोन-तीन वर्षं, नंतर वीज आणि प्लंबिंगचं प्रत्यक्ष शिक्षण, आणि ज्येष्ठाच्या हाताखाली निदान पन्नास घरं. त्यातली काही पावसाळ्यातली असलीच पाहिजेत. अहवाल मराठीत लिहिता यायला हवा. आज मिळणारे बहुतेक अहवाल इंग्रजीत असतात आणि साठ-सत्तर फोटोंच्या गर्दीत गंभीर दोष हरवतात. कर्ज फेडणाऱ्या बाईंना ‘हे आधी करून घ्या, हे पावसाळ्यापर्यंत थांबलं तरी चालेल’ एवढं सरळ सांगता येत नसेल, तर बाकी ज्ञान वाया.

स्वतंत्रपणाची अट मात्र अभ्यासक्रमावर सोडून भागणार नाही. ओल शोधणाराच वॉटरप्रूफिंगचं काम घेऊ लागला की प्रत्येक भिंत ओली दिसते. एजंटाकडून काम मिळवणाऱ्याला कुठलीच भिंत ओली दिसत नाही. यासाठी नवं काही शोधायची गरज नाही. तपासणी संस्थांसाठी आयएसओ/आयईसी १७०२० हे मानक आहे. त्यात पूर्ण त्रयस्थ संस्थेचा ‘टाइप ए’ हा वर्ग आहे, आणि भारतात एनएबीसीबी हे मंडळ त्याची मान्यता देतं. चाकणमध्ये आयएसओचं ऑडिट म्हणजे काय हे शिफ्टवरच्या पोरांनाही समजतं. महारेराने एजंटांसाठी जी यंत्रणा उभी केली तीच थोडी वाढवून तपासनिसांची ऐच्छिक नोंदवही सुरू केली, आणि नोंदणीसाठी स्वतंत्रपणाचं प्रतिज्ञापत्र व व्यावसायिक विमा मागितला, तरी पुष्कळ होईल. सक्ती नंतर करावी. आधीच सक्ती केली तर प्रमाणपत्रांचं दुकान उघडेल.

आतापर्यंतचं सगळं विकत घेणाऱ्यांचं झालं. पण या पट्ट्यात हजारो माणसं घर विकत घेत नाहीत, रूम घेतात. खराबवाडी, नाणेकरवाडी, महाळुंगे, निघोजे, कुरुळी या चाकणभोवतीच्या गावांमध्ये एमआयडीसीत जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांनी उरलेल्या गुंठ्यांवर खोल्यांच्या रांगा उभ्या केल्या. त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, मराठवाडा, विदर्भातली मुलं शिफ्टप्रमाणे झोपतात. या खोल्यांना सोसायटी नाही, उपविधी नाहीत, रेरा नाही. ३० ऑगस्ट २०२३च्या पहाटे चिखलीच्या पूर्णानगरमध्ये दुकानाला आग लागली आणि तिथेच राहणाऱ्या एका कुटुंबातली चार माणसं गेली. कामाच्या जागेत किंवा चाळीत राहणाऱ्यांसाठी घराच्या तपासणीचा पहिला प्रश्न टाइल्सचा नसतोच. आग लागली तर बाहेर पडायला दुसरी वाट आहे का, हा असतो.

रूमची तपासणी लहान असते. एका मीटरवर किती खोल्या आहेत, अर्थिंग आहे का, आरसीसीबी आहे का; सिलिंडर दाराच्या वाटेत ठेवलाय का; जिन्याला कुलूप असतं का; वर चढवलेला मजला खालच्या कॉलमवर बसतो की नुसत्या भिंतीवर. शिकलेल्या माणसाला एका चाळीला अर्धा दिवस पुरेल. त्याचे पैसे भाडेकरू देणार नाही आणि मालक आपणहून देणार नाही. पण मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांचं ऑडिट दरवर्षी करतात; मशिन, गेज, अग्निशमन, पगारपत्रक सगळं पाहतात. ठेकेदार आपली मुलं ज्या खोल्यांत ठेवतो त्या खोल्यांचा तपासणी अहवाल हा त्या ऑडिटमधला एक रकाना करता येईल. नवशिक्या तपासनिसाची ती पन्नास देखरेखीखालची घरं तिथूनच भरावीत, आणि त्या फीचा खर्च कंपनीने उचलावा.